वजन उतरविणारी शस्त्रक्रिया आणि पुलगावपर्यंतचे अंतर

पुलगाव म्हटले की राज्याला लष्कराचे दारूगोळा भांडार आठवते. जुन्या पिढीला कापड गिरणी आणि आर्वीकडे जाणारी नॅरोगेजची गाडी आठवते. लठ्ठपणा हा शब्द या गावाच्या संदर्भात कुणाच्या मनात येत नाही. वर्धा जिल्ह्याची ओळख सेवाग्रामची, पवनारची, मिताहाराची आणि अलीकडच्या काळात कोरडवाहू कापसाच्या विवंचनेची. येथील आरोग्याचा प्रश्न म्हणजे कुपोषण आणि रक्तक्षय, असे मानण्याची सवय प्रशासनालाही जडली आहे. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे निराळेच सांगतात. २०१५-१६ मध्ये देशातील २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. २०१९-२१ च्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. शहरी स्त्रियांत ते ३३ टक्क्यांच्या वर आहे आणि ग्रामीण भागातही एकोणीस-वीस टक्क्यांच्या घरात आहे. पुलगावसारखी गावे या दोहोंच्या मधली. शेतीतले कष्ट सुटले, दुचाकी आली, पण व्यायामाची संस्कृती काही आली नाही.

विदर्भाच्या बैठकीत हा विषय खऱ्या अर्थाने पोहोचला तो सप्टेंबर २०११ मध्ये. भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि 'बॅरिअ‍ॅट्रिक' हा अवघड शब्द नागपूर-वर्ध्याच्या पानठेल्यांवर उच्चारला जाऊ लागला. २०१४ मध्ये अरुण जेटली यांच्यावर दिल्लीत मधुमेहासाठी अशीच शस्त्रक्रिया झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा तर सारा देश त्यांच्या वजनाचे आकडे रोज वाचत होता. मार्चमध्ये शस्त्रक्रिया, मे महिन्यात अबुधाबीला रवानगी आणि २५ सप्टेंबर रोजी मृत्यू, असा तो प्रवास संपला. हृदय आणि मूत्रपिंडे आधीच खचलेली होती. या तीन उदाहरणांनी सामान्य वाचकाच्या मनात दोन टोकाच्या समजुती रुजविल्या: एक तर ही श्रीमंतांची सुटसुटीत युक्ती आहे, नाहीतर हा जिवावरचा खेळ आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

प्रत्यक्षात होते काय? सरसकट 'बायपास' म्हटल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया एकच नव्हेत. इमान अहमद यांच्यावर झाली ती 'स्लीव्ह'. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची नळी करतात. आतड्यांना हात लावत नाहीत. भारतात आज तिचेच प्रमाण मोठे आहे. खरा गॅस्ट्रिक बायपास याहून गुंतागुंतीचा. त्यात अन्ननलिकेच्या टोकाशी जठराची जेमतेम ३० मिलिलिटर मावेल एवढी पिशवी वेगळी करतात. लहान आतडे वरच्या बाजूला छेदून त्याचे खालचे टोक या पिशवीला जोडतात. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस घेऊन येणारे दुसरे टोक पुढे मीटर-दीड मीटरवर त्याच आतड्याला मिळते. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न त्यात उतरत नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या पद्धतीची सुरुवात केली. १९९४ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि पोटावरची वीतभर जखम चार-पाच छिद्रांवर आली. अनुभवी केंद्रांत पहिल्या महिन्यातील मृत्यूचे प्रमाण हजारात दोन-तीन किंवा त्याहूनही कमी असते.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो आणि वजन उतरते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. १९९५ मध्ये डॉ. वॉल्टर पोरीस यांनी दाखवून दिले की बायपासनंतर बहुसंख्य मधुमेही रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच, काही दिवसांतच ताळ्यावर येते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथून जीएलपी-१ सारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. भूक मंदावते, इन्सुलिनचे काम सुधारते. एकूण वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के घट ही बायपासची सर्वसाधारण फलश्रुती. स्वीडनमध्ये चार हजारांहून अधिक लोकांचा सुमारे अकरा वर्षे मागोवा घेतल्यावर २००७ मध्ये जाहीर झालेले निष्कर्ष सांगतात की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे पाव भागाने घटले. त्या अभ्यासात बायपासपेक्षा जुन्या पद्धतींच्या शस्त्रक्रिया अधिक होत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मग ही शस्त्रक्रिया कुणी करावी? येथे महाराष्ट्रातल्याच एका संशोधनाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा देहवस्तुमान निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणारा भारतीय आतून लठ्ठ असू शकतो, हे इतक्या मार्मिकपणे क्वचितच कुणी सांगितले असेल. यामुळेच आपल्याकडचे निकष पाश्चात्त्यांपेक्षा खाली आणले गेले. २००९ च्या भारतीय सहमतीनुसार निर्देशांक ३७.५, अथवा मधुमेहासारखी व्याधी असल्यास ३२.५, ही शस्त्रक्रियेची सीमा ठरली. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली.

आरोग्य विमा मात्र जुन्याच मोजपट्टीवर अडला आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार निर्देशांक ४० असेल, किंवा ३५ असून गंभीर हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध अथवा आटोक्याबाहेरचा मधुमेह असेल आणि इतर उपाय निष्फळ ठरले असतील, तरच खर्च मिळू शकतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे उदाहरण घ्या. व्याधी नसताना २००९ च्या निकषाने ती ९६ किलोला पात्र ठरते. विमा कंपनीच्या लेखी तिने १०२ किलोच्या पुढे जायला हवे. म्हणजे खर्च मिळवायचा तर आधी आणखी सहा किलो वाढवा! केंद्र सरकारी आरोग्य योजनेत काही अटींवर पूर्वपरवानगीने ही शस्त्रक्रिया मिळू शकते. पुलगावात भांडाराच्या निमित्ताने केंद्रीय कर्मचाऱ्यांची आणि निवृत्तांची वस्ती मोठी असल्याने ही बाब येथे नुसती कागदोपत्री राहत नाही. किराणा दुकानदाराला मात्र सारा भार स्वतःच उचलावा लागतो.

तरीही खर्च ही यातली सर्वांत मोठी अडचण नव्हे. नागपूर येथून शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. गाडीने जाऊन तीन-चार दिवसांत शस्त्रक्रिया आटोपून परत येता येते. प्रश्न उरतो तो पुढच्या तीस वर्षांचा. बायपासनंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांचे शोषण कायमचे मंदावते. शाकाहारी घरांत ब-१२ आधीच तोकडे असते, आणि स्त्रियांतला रक्तक्षय तर आपल्या पाचवीलाच पुजलेला. गोळ्या-इंजेक्शने आणि दरवर्षीची रक्ततपासणी आयुष्यभर चुकवता येत नाही. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. वाटीभर घट्ट वरणातून मिळतात ती पाच-सहा ग्रॅम, आणि पिशवी तर तेवढ्यानेच भरते. पाणी जेवणासोबत नाही, घोटाघोटाने दिवसभर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सोय नसणे म्हणजे काय, हे मुंबईच्या वातानुकूलित दवाखान्यात बसून उमगणार नाही. गोड पदार्थ खाल्ला की छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळ येते. तरुण स्त्रीने पुढचे वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. हे सासरी कसे सांगावे, हा आणखी एक प्रश्न.

गावातल्या डॉक्टरासमोरचा पेच याहून बिकट. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बायपासच्या जोडावर व्रण निर्माण करू शकतात. धूम्रपानानेही तो धोका वाढतो, आणि खर्ऱ्यासह तंबाखूला रजा द्यावी लागते ती कायमचीच. दोन-चार वर्षांनी अचानक उठलेली पोटदुखी पित्ताच्या खड्याची असू शकते, किंवा आतडे आतल्या आत अडकल्याचीही. दुसऱ्या प्रकारात काही तासांचा विलंब आतड्याच्या मुळावर येतो. अशा वेळी रुग्णाच्या खिशात शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद नसेल, तर तपासणाऱ्याने 'अ‍ॅसिडिटी' म्हणून गोळी देणे अगदी स्वाभाविक आहे. तीसेक किलोमीटरवर वर्धा आहे, सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. शस्त्रक्रिया नागपूरला किंवा मुंबईला झाली, तरी पुढील देखरेखीची नोंद आणि वर्षाची तपासणी या रुग्णालयांकडे सोपविण्याची रीत पडली, तर निम्मा धोका टळेल. शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत उतरलेल्या किलोंची छायाचित्रे असतात. पाचव्या वर्षी किती रुग्ण तपासणीला परतले, हा आकडा रुग्णाने स्वतःहून विचारायला हवा.

दरम्यान, औषधांचाही पर्याय पुढे आला आहे. टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. बायपासने शरीरात जी संप्रेरके वाढतात, त्यांचीच नक्कल ही इंजेक्शने करतात. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि त्यानंतर देशी कंपन्यांच्या स्वस्त आवृत्त्यांची वाट मोकळी होते. मात्र इंजेक्शन थांबविले की उतरलेल्या वजनाचा बराच भाग वर्षभरात परत येतो, असे चाचण्यांत दिसले आहे. आणि अतिलठ्ठ रुग्णात बायपासइतकी टिकाऊ घट औषधांनी अद्याप सिद्ध केलेली नाही. पुलगावच्या रुग्णासमोर आता दोन रस्ते आहेत, आणि दोहोंवर डॉक्टरांची गाठ वर्षानुवर्षे घ्यावी लागणार आहे.