हळदी की मोरपंखी?

नव्या फ्लॅटची चावी हातात आली तेव्हा वाटलं, चला, सुटलो! पण बॉस, खरी लढाई शेडकार्ड उघडल्यावर सुरू होते. हॉलच्या तीन भिंती ऑफ-व्हाइट आणि चौथी रंगीत, इथपर्यंत आमचं एकमत. पुढे मी हळदी पिवळ्यावर अडून बसले, नवरा मोरपंखी निळ्यावर. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. शेवटी तो म्हणाला, ‘‘घर माझंही आहे ना?’’ प्रकरण भिंतीच्या पलीकडे गेलं होतं.

वाट दाखवली पेंटरकाकांनी. ‘‘ताई, कार्डावरच्या इंचभर तुकड्यावर जाऊ नका. भिंतभर तोच रंग वेगळा दिसतो.’’ मग दोन मोठ्या कार्डशीट आणल्या, दोन्हींना दोन-दोन हात मारले आणि वाळल्यावर भिंतीवर चिकटवल्या. सकाळ, दुपार, रात्र, तीन दिवस नुसतं बघायचं.

आमची खिडकी उत्तरेची. थेट ऊन नाही, उजेड थंड. त्यात निळा आणखीच गार वाटायचा, हळदीनं मात्र कोपरा उजळायचा. साधं गणित आहे, उजळ रंग प्रकाश परत फेकतो, गडद रंग गिळतो. रात्री पिवळसर दिव्याखाली निळा जवळपास काळा! कारण त्या दिव्यात निळा प्रकाश मुळातच कमी. आणि पांढरा एलईडी लावला, तर माझ्या लाडक्या हळदीला हिरवट झाक.

रविवारी दुपारी नवरा सोफ्यावर बसून म्हणाला, ‘‘अगं, इथे दुपारी असा उजेड असतो?’’ मी चाट! मी फ्रीलान्सर, दिवसभर याच हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसते. तो रात्री नऊला घरी येतो. आठवडाभर आम्ही दोन वेगळ्या घरांसाठी भांडत होतो.

शेवटी हॉलला हळदी, दिवे पिवळसर. मोरपंखी गेला बेडरूममध्ये, पलंगामागच्या भिंतीवर. तिथे थोडा अंधार हवाच असतो! काकांनी आधीच सांगून ठेवलंय, पिवळा नीट झाकत नाही, तीन हात लागतील. लागू देत.

तुम्हीही भांडणार असाल तर जरूर भांडा. फक्त आधी एकमेकांच्या वेळेला त्या खोलीत बसून बघा.