दार आणि अंतर

डिसेंबर २०२३ मधल्या दोन बातम्या कदाचित आपल्या विस्मरणात गेल्या असतील. ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तिथे तयार होत असत. त्या दिवशी सहा जण गेले, आणि पुढे रुग्णालयात उपचार सुरू असतानाही मृत्यू होत राहिले. मृतांमध्ये बहुतेक स्त्रिया होत्या. बरोबर नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला सकाळी, नागपूरजवळ बाजारगाव येथील सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट झाला. खाणींसाठी लागणाऱ्या बूस्टरची बांधणी जिथे चालते, त्या इमारतीत तो झाला. तिथे नऊ जण मरण पावले, त्यांतही सहा स्त्रिया होत्या.

दोन्ही घटनांचे मथळे जवळजवळ सारखेच होते. कारखान्यात स्फोट, इतके ठार, मदत जाहीर, चौकशीचे आदेश. वाचक म्हणून मीही दोन्ही बातम्या एकाच कप्प्यात टाकल्या आणि पान उलटले. वस्तुतः या दोन घटना एका जातीच्या नव्हत्या. एकीत पदार्थ जळला होता, दुसरीत पदार्थ फुटला होता. हा फरक प्रयोगशाळेतल्या माणसांपुरता आहे असे आपण समजतो आणि तिथेच चूक होते. कारण कोणाला जबाबदार धरायचे, कोणता प्रश्न विचारायचा आणि उद्याचे मरण कसे टाळायचे, हे सारे या एका फरकावर अवलंबून आहे.

हा फरक मला कोणत्या पुस्तकात सापडला नाही. तो सिन्नर तालुक्यातल्या एका विहिरीच्या काठावर कळला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्ज अधिकारी होतो. जीवनधारेच्या विहिरी नुकत्याच सुरू झाल्या होत्या, शिवाय खातेदारांच्या स्वतःच्या विहिरी होत्याच. माती संपली की मुरूम, मुरूम संपला की काळा पाषाण. पाषाण लागला की कर्जाचा दुसरा हप्ता. त्या हप्त्याच्या कागदात 'सुरुंग खर्च' असा एक रकाना असे. त्यात आकडा भरला की आमचे काम झाले. सुरुंग कोण लावतो, त्याच्याकडे परवाना आहे की नाही, माल कुठे ठेवतो, हे विचारायला फॉर्मवर जागाच नव्हती.

मार्चअखेर होती. विहीर पाहून त्याच दिवशी हप्ता टाकायचा, म्हणजे शाखेचे उद्दिष्ट पुरे होणार होते. मी पोहोचलो तेव्हा बार उडून अर्धा तास झाला होता. मी खाली डोकावून खोली मोजण्याची घाई करू लागलो. तेवढ्यात सुरुंगाचे काम करणारा वडार मिस्त्री आडवा आला. त्याने आठ भोके भरली होती आणि आवाज मोजले होते सात. आठवा बार आत तसाच होता. उद्या सकाळपर्यंत विहिरीत कोणी उतरणार नाही, असे त्याने सांगितले. मी माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, "साहेब, मार्च तुमचा आहे, विहीर आमची आहे."

आपल्या बोलीत 'फुसका बार' म्हणजे चेष्टेचा विषय. विहिरीत मात्र न उडालेल्या बारापेक्षा भयंकर काही नसते.

वेळ काढायचा म्हणून बांधावर बसलो आणि मी त्याला विचारले, पूर्वी तुझे वडील काळी दारू ठासायचे, आता कांड्या आल्या. मग फरक काय पडला? तो म्हणाला, "दारू ढकलते, साहेब. कांडी तोडते." शिवाय दारू उघड्यावर पेटली तर भुस्सकन जळून जाते, तिला कोंडले तरच ती बार करते, कांडीला कोंडायची गरज नसते, तिला फक्त केप लागते, असेही त्याने सांगितले. रसायनशास्त्राची पुस्तके ज्याला लो एक्स्प्लोझिव्ह आणि हाय एक्स्प्लोझिव्ह म्हणतात, त्याची याहून नेटकी व्याख्या मी नंतरही कुठे वाचली नाही.

शास्त्र सांगते ते असे. दारूसारखा पदार्थ कणाकणाने जळत जातो. ज्योत एका थरातून पुढच्या थरात उष्णतेने पोहोचते. हा वेग कितीही मोठा झाला, तरी त्या पदार्थातून आवाज ज्या वेगाने जातो, त्याच्या आतच राहतो. म्हणून तो 'लो'. कांडीतला पदार्थ असा जळत नाही. त्यातून एक धक्क्याची लाट जाते आणि ती लाटच पुढच्या थराचे विघटन करत सुटते, आवाजाच्या वेगापेक्षाही जलद. टीएनटीमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर, तर आरडीएक्समध्ये साडेआठ किलोमीटरच्या पुढे. नाशिकहून इगतपुरीला ही लाट सहा-सात सेकंदांत पोहोचेल. खडकाला बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, म्हणून तो तुटतो.

इथे सामान्य माणसाचा एक गैरसमज होतो. त्याला वाटते की हाय एक्स्प्लोझिव्हमध्ये शक्ती फार साठलेली असते. तसे नाही. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळताना जी उष्णता देते, ती एक किलो टीएनटीच्या सात-आठ पट भरते. फरक साठ्याचा नाही, वेगाचा आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे लवकर पटले. शाखेतल्या ठेवी वर्षभर हळूहळू निघाल्या तर काउंटरही हलत नाही. त्याच ठेवी एका सकाळी सगळ्यांनी मागितल्या तर बँक उरत नाही. मुद्दल तेवढेच असते.

आणि म्हणूनच बातम्यांत येणारा 'कमी तीव्रतेचा स्फोट' हा शब्दप्रयोग फसवा आहे. त्यातून वाटते की लो म्हणजे लहान. एका खोलीत कोंडलेली काळी दारू सबंध घर उडवू शकते. उलट एखाद्या केपमध्ये चिमूटभरच हाय एक्स्प्लोझिव्ह असते, पण ते बोटे तोडायला पुरते.

नाशिककरांना या दोन्ही जाती नव्या नाहीत. १८१८ साली इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले आणि पुन्हा कोणी वर चढू नये म्हणून अलंग, मदन, कुलंगसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. ती काळी दारूच होती, कारण दुसरे काही अस्तित्वातच नव्हते. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली, ते बोगदेही दारूनेच फोडलेले. नोबेलला डायनामाइटचे पेटंट मिळाले ते १८६७ मध्ये. आणि आज देवळालीच्या बाजूने तोफांचे आवाज येतात, त्या तोफेच्या गोळ्यात तर दोन्ही जाती एकत्र नांदतात. मागचे भरण जळते आणि गोळा ढकलते, म्हणजे लो. गोळ्याच्या पोटातले भरण फुटते आणि पोलाद तोडते, म्हणजे हाय. दोघांची जागा आणि वेळ ठरलेली असते. ती चुकली की काय होते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी दोन कोवळे अग्निवीर गेले, तेव्हा या शहराने पाहिले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या फरकाचा मरणाऱ्या माणसाशी संबंध काय?

लो एक्स्प्लोझिव्ह जळते, म्हणून त्याच्यापाशी काम करणाऱ्याला काही क्षण मिळतात. ठिणगी, धूर, भडका आणि मग कोंडलेल्या जागेतला दाब. त्या क्षणांत माणूस वाचतो की नाही, हे दार ठरवते. दार किती रुंद, ते बाहेरच्या बाजूला उघडते की आत, त्याच्यापुढे माल रचून ठेवलेला आहे का, कुलूप आहे का, छप्पर कशाचे, एका खोलीत किती किलो सुटा माल. फटाक्याच्या किंवा मेणबत्तीच्या शेडमध्ये झालेल्या मृत्यूच्या चौकशीत हे प्रश्न पहिल्या पानावर असले पाहिजेत. रसायन कोणते होते, हा त्यानंतरचा प्रश्न.

हाय एक्स्प्लोझिव्हपाशी दाराचा उपयोग नसतो. कानाला आवाज पोहोचण्याआधीच सारे संपलेले असते. तिथे माणसाला वाचवते ते फक्त अंतर. दोन इमारतींमधले अंतर, मधला मातीचा बांध आणि मुख्य म्हणजे एका वेळी एका इमारतीत किती माणसे आणि किती माल असायचा याची मर्यादा. म्हणून बाजारगावसारख्या ठिकाणी पहिला प्रश्न असा हवा, की त्या क्षणी त्या छताखाली नऊ माणसे असायला हवी होती का? नियमाने किती परवानगी होती? नऊमधली किती कामे यंत्राने दुरून करता आली असती? जून २०२४ मध्ये नागपूरजवळच्या धामना येथे आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत आठ जण गेले तेव्हाही हाच प्रश्न होता. कारखाना खासगी की सरकारी, याने प्रश्न बदलत नाही.

कायद्याला हा फरक ठाऊक नाही असे नाही. स्फोटकांचा आपला मूळ कायदा १८८४ चा आणि आताचे नियम २००८ चे. त्यांत काळी दारू हा पहिला वर्ग, नायट्रो संयुगे तिसरा, फटाके सातवा, अशी विभागणी आहे. सुरक्षित अंतराचे तक्ते आहेत. ज्या खात्याने हे पाहायचे, त्या पेसोचे देशाचे मुख्यालय तर नागपुरातच आहे. कायद्याने दार आणि अंतर दोन्ही लिहून ठेवले आहे. ते घाईच्या वेळी पुसले जाते.

याचा सर्वांत मोठा पुरावा मुंबईत आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि दारूगोळा होता आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. एरवी असे जहाज गोदीत घ्यायचे नाही, लांब समुद्रात उभे करून छोट्या होड्यांनी माल उतरवायचा, असा दंडक होता. युद्धाची निकड म्हणून तो शिथिल केला होता. दुपारी कापूस धुमसू लागला. सुमारे दोन तास ती आग होती, म्हणजे दाराची वेळ होती. चार वाजून सहा मिनिटांनी ती वेळ संपली आणि अंतर तर आधीच संपवून टाकलेले होते. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो. पण ज्या सवलतीमुळे ते मेले, त्या सवलतीचा दिन कोणी पाळत नाही.

१२ मार्च १९९३ नंतर आरडीएक्स हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला. त्या दिवशी मुंबईत २५७ माणसे मारली गेली. आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावनेही २००६ आणि २००८ साली स्फोट सोसले. तेव्हापासून कुठेही आवाज झाला की आपला पहिला प्रश्न 'घातपात का?' असा असतो. तो प्रश्न चूक नाही. पण उत्तर 'नाही, अपघात' असे आले की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि विषय मिटतो. जणू अपघाताला कर्ता नसतो. रोजंदारीवर बूस्टर बांधणाऱ्या बाईच्या घरच्यांना या सुटकेत काय वाटा मिळतो?

माझी मागणी फार मोठी नाही. अशा प्रत्येक चौकशी अहवालाच्या माथ्यावर दोन ओळी असाव्यात आणि तो अहवाल मराठीत, गावच्या चावडीवर लावला जावा. पहिली ओळ: पदार्थ जळला की फुटला? दुसरी ओळ: जळला असेल तर दार कसे होते, फुटला असेल तर अंतर किती आणि डोकी किती? या दोन ओळींत परवाना देणारा, तपासणी करणारा, मालक आणि मुकादम या सर्वांच्या सह्या आपोआप दिसू लागतील.

त्या विहिरीचा हप्ता मार्चमध्ये पडला नाही. आठवा बार मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः पाहिला. तोवर त्याने काठावर कोणाला फिरकू दिले नाही. आमच्या शाखेचे उद्दिष्ट एका प्रकरणाने चुकले आणि वरच्या कार्यालयातून माझ्या नावावर शेरा आला. सेवेतल्या कागदांपैकी तेवढा एक मी जपून ठेवला आहे.