कुलूप केवढे असावे?



कुलूप दाराला लावतात, पेटीला लावतात. पण एखाद्या आकड्याला कुलूप लावलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? आज अशाच कुलपाविषयी मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे.

त्याला कारणही तसेच घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी तापाने आजारी पडली. तिची प्रात्यक्षिक परीक्षा मी नंतर घेतली. संगणकावर तिच्या तुकडीचा तक्ता उघडला, 'गैरहजर' खोडून तिथे तिचे २६ गुण लिहिले, तक्ता साठवला आणि घरी गेलो. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत रसायनशास्त्राच्या सरांनीही तोच तक्ता उघडलेला होता. त्यांच्या पडद्यावर होती ती जुनी प्रत. त्यांनी तीत आपले गुण भरले व ती साठवली. माझे २६ गुण पुसले गेले! निकालाच्या दिवशी ती मुलगी प्रयोगवही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, तेव्हा मला हे कळले. चूक पुढे दुरुस्त झाली. पण तिचे ते दोन-तीन दिवस कसे गेले असतील?

यावर उपाय निघाला तो असा: एकाने गुण भरायला घेतले की बाकीच्या सर्वांनी थांबायचे. चूक थांबली खरी, पण शिक्षकांची रांग लागू लागली. एका आकड्यासाठी सबंध महाविद्यालयाला कुलूप!

माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. कुलूपच नसेल तर माहिती खोटी होते. कुलूप फार मोठे असेल तर काम अडते. मग करावे काय?

आपली माहिती झाडासारखी मांडून पाहू. हे झाड उलटे असते. सर्वांत वर मूळ, म्हणजे महाविद्यालय. त्याच्या फांद्या म्हणजे इयत्ता. इयत्तेला तुकड्या, तुकडीला विद्यार्थी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला विषयांची पाने. जिथे फांद्या फुटतात त्या जागेला आपण गाठ म्हणू. भौतिकशास्त्राचे गुण लिहिणाऱ्याने फक्त त्या एका पानाला कुलूप लावावे. शेजारच्या पानावर रसायनशास्त्राचे सर खुशाल लिहोत. नुसते वाचणारे मात्र एकाच पानाशी कितीही जण असले तरी हरकत नाही. लिहिणारा तेवढा एकटा हवा.

पण इथे एक अडचण येते. प्राचार्यांना सबंध तुकडीचा निकाल बंद करायचा आहे. तुकडीत ६० विद्यार्थी आणि प्रत्येकाचे ६ विषय, म्हणजे ३६० पाने झाली. कोणी कुठे लिहीत तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्यांनी सगळी पाने तपासत बसावे काय?

अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत काम करणारे जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५-७६ च्या सुमारास याचे सुरेख उत्तर प्रसिद्ध केले. पानाला कुलूप लावण्यापूर्वी मुळापासून खाली येताना वाटेतल्या प्रत्येक गाठीवर एक चिठ्ठी ठेवावी: 'मी खाली काम करणार आहे.' एका गाठीवर अशा चिठ्ठ्या कितीही राहू शकतात, कारण त्या एकमेकींना अडवत नाहीत. त्या अडवतात फक्त गाठीच्या कुलपाला. प्राचार्यही मुळावर आणि इयत्तेवर चिठ्ठी ठेवत तुकडीच्या गाठीपाशी येतात. तिथे कोणाची चिठ्ठी दिसली तर थांबतात, नसली तर कुलूप लावतात. ३६० पाने पाहण्याचे कारणच उरत नाही! त्यानंतर येणाऱ्या शिक्षकाला वाटेतच तुकडीचे कुलूप दिसते आणि तो तिथे थांबतो. काम संपल्यावर मात्र उलट्या क्रमाने जायचे: आधी पानाचे कुलूप काढायचे, मग खालून वर एकेक चिठ्ठी उचलायची. मुळावरची चिठ्ठी आधी उचलली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

आणखी एक नियम हवा. समजा, ७ आणि १२ या क्रमांकांचे गुण अदलाबदल झाले आहेत व दोन शिक्षक एकाच वेळी ते सुधारायला बसले. एकाने ७ ला कुलूप लावले, दुसऱ्याने १२ ला. आता दोघेही एकमेकांची वाट पाहत जन्मभर बसतील! पण लहान क्रमांकाला आधी कुलूप लावायचे असे ठरले, तर ही कोंडी होतच नाही.

कोणी म्हणेल, 'असे हजारात एकदा होते, त्याचा एवढा बाऊ कशाला?' मला वाटते, खरा धोका तिथेच आहे. प्रयोगात चूक झाली असे वाटले तर आपण प्रयोग पुन्हा करतो आणि चूक शोधतो. ही चूक मात्र दोघांच्या वेळा जुळल्या तरच होते. पुन्हा करून पाहायला जावे तर ती सापडत नाही. म्हणून ती होऊच नये अशी रचना आधीच करावी लागते. आणि ज्याच्या वाट्याला ती हजारातली एक येते, त्याच्या दृष्टीने ती एकच खरी असते.

शिक्षकांना माझी विनंती आहे. संगणक शिकवायचा म्हणजे कळा दाबायला शिकवायचे, एवढ्यावर थांबू नका. हा धडा शिकवायला संगणकही लागत नाही. फळ्यावर झाड काढा, कागदाच्या चिठ्ठ्या करा आणि चार मुलांना एकदमच गुण बदलायला सांगा. आधी नियमांशिवाय, मग नियमांसह. किती गुण हरवतात ते मुलांनाच मोजू द्या.

आणि मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशी रचना करायला बसेल, तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा: माझ्या कुलपामुळे कोण विनाकारण थांबला आहे? आणि माझ्या निष्काळजीपणामुळे कोणाचे २६ गुण पुसले जाणार आहेत?