सल्ल्याचा बाजार आणि पगारी सल्लागार

मॅकिन्सेसारख्या सल्लागार कंपनीत पंचविशीतल्या पदवीधराला भरघोस पगार मिळतो, अनेक उद्योगांचे अंतरंग कळते. हे लाभ नाकारणे भाबडेपणाचे ठरेल. प्रश्न आहे तो हे कौशल्य कोणाच्या सेवेला जुंपले जाते हा. अमेरिकेतील पर्ड्यू फार्मा कंपनीला ऑक्सिकाँटिन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाची विक्री वाढवण्याचा सल्ला मॅकिन्सेनेच दिला. २०२४ साली ६५ कोटी डॉलर भरण्याचे कबूल करून तिने फौजदारी खटला टाळला. पण त्या गोळ्यांनी उद्ध्वस्त केलेल्या वेस्ट व्हर्जिनियातील खाणकामगारांच्या वस्त्यांचे काय? आणि सल्लागार तरुण? ‘वर चढा, नाहीतर चालते व्हा’ हा तेथील नियम. दुसऱ्यांच्या नोकरकपातीचे तक्ते आखणाऱ्या या बुद्धिजीवी पगारदारालाही बढती हुकताच दार दाखवले जाते.