आईला कुणी विचारलं का?

परवा आमच्या गल्लीतल्या एका घरी गेले होते. तीन वर्षांपूर्वी त्या घरातला मुलगा जांभळाच्या झाडावरून पडला. मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हा तो चौथीत होता. आम्ही सगळ्याजणींनी दवाखान्यात डबे पोचवले, वर्गणी काढली, व्हीलचेअरही आणून दिली. मग आपापल्या संसाराला लागलो. परवा मी नेहमीसारखं विचारलं, "कसा आहे गं लेक?"

"तो बरा आहे, ताई," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसत हळूच म्हणाली, "पण तीन वर्षांत मला कुणी विचारलं नाही, तू कशी आहेस म्हणून."

मैत्रिणींनो, मी अगदी ओशाळले. कारण मीही विचारलं नव्हतं.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. या मुलांवर काही संशोधन झालंय का, असं मी तिला विचारलं. तिने समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. अमेरिकेत श्रायनर्स नावाची मुलांची रुग्णालयं आहेत. मज्जारज्जूला इजा झालेल्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा तिथे वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. लहानपणी अशी इजा झालेली माणसं मोठेपणी समाधानी असतात का, हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं. १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इजा मणक्यात किती वर झाली, याचा समाधानाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो शिक्षणाशी, मिळकतीशी, मनासारख्या कामाशी आणि चारचौघांत मिसळायला मिळण्याशी.

पुढच्या अभ्यासांत घरच्यांकडेही लक्ष गेलं. सांभाळणारी व्यक्ती बहुतेक घरांत आईच असते. तिला चिंता आणि उदासीने घेरलं असेल, तर मुलाच्या मनावरही त्याची सावली दिसते. म्हणजे आईची विचारपूस हा नुसता मायेचा भाग नाही, बरं का. तो मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

आणि त्या आईचा दिवस कसा असतो? मज्जारज्जू म्हणजे मेंदूचा निरोप अंगभर पोचवणारी दोरी. तिला इजा झाली की पायच नव्हे, लघवी-शौचावरचा ताबाही जातो. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्वचेला जाणीव नसते, म्हणून जखम होऊ नये यासाठी रात्रीही उठून कूस बदलायची. वाढत्या वयात पाठीचा कणा वाकडा होतो, त्यावर नजर ठेवायची. हे एक दिवस नाही, रोज!

आमच्या या मुलाची शाळा सुटली ती पाय गेले म्हणून नव्हे. शाळेला पायऱ्या आहेत आणि नळी घालायला आडोशाची, स्वच्छ जागा नाही. दुपारी आईने जायचं, तर तिचं शिलाईचं काम बुडतं. एवढ्याशा अडचणीपायी हुशार पोर खिडकीत बसून दुसऱ्यांची दप्तरं मोजतंय.

खरं तर पाच ते सात वर्षांची मुलंही ही नळी स्वतः घालायला शिकू शकतात, हात चांगले चालत असले आणि कुणी नीट शिकवलं तर. हा तर आता अकरा पूर्ण करील. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क कागदावर आहे, रॅम्प मात्र कुणीतरी मागितल्याशिवाय होत नाही.

२०१६ पासूनच ५ सप्टेंबर हा जागतिक मज्जारज्जू इजा दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच शिक्षक दिन! गुरुजींना गुलाब देताना, 'आपल्या गावातलं कुठलं मूल घरी बसलंय?' एवढंही विचारू या की.

सोमवारी आम्ही तिघीजणी मुख्याध्यापकांना भेटणार आहोत. पायऱ्यांशेजारी उतार आणि दार लागेल अशी एक मोरी, इतकंच मागणार. भाची मुलाला नळी घालायला शिकवणाऱ्या नर्सबाईंची गाठ घालून देणार आहे. आणि दर बुधवारी दुपारी दोन तास मी त्याच्याजवळ बसेन, म्हणजे त्याच्या आईला बाहेर पडता येईल. बाजारात जाऊ दे, माहेरी जाऊ दे, नाहीतर नुसती झोपू दे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल. जाल तेव्हा मुलासाठी खाऊ जरूर न्या. पण निघताना दाराशी थोडं थांबा आणि विचारा, "तू कशी आहेस गं?" उत्तर ऐकायला मात्र वेळ काढून जा.