बारा खेळाडूंचा इतिहास कोणी लिहायचा?

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहरात ‘वास्को द गामा’ नावाचा एक जुना फुटबॉल क्लब आहे. या क्लबचा इतिहास विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात अनेक भाषांत लिहिला गेला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांना त्याबद्दल कोणी एक पैसाही देत नाही. आपला कामधंदा सांभाळून हे लोक कुठल्याशा सामन्याची तारीख दुरुस्त करतात, चुकलेले नाव सुधारतात, एखाद्या वाक्याला पुरावा नसेल तर तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करून ठेवतात. फुटबॉलच्या क्लबसाठी एवढी उठाठेव कशाला, असे आमच्या काही वाचकांना वाटेल. चळवळीच्या दैनिकाने त्यासाठी अग्रलेखाची जागा का खर्च करावी, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर या क्लबच्या १९२३ आणि १९२४ या दोन वर्षांत आहे.

क्लबचे नाव ऐकून वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल. उमटायलाही हवी. १४९८ साली कालिकतला आलेला आणि १५०२ च्या दुसऱ्या सफरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळणारा तो हाच वास्को द गामा. गोव्यातील शहरालाही त्याचेच नाव आहे. रिओमधील पोर्तुगीज स्थलांतरितांनी त्याच्या सफरीच्या ४०० व्या वर्षी, २१ ऑगस्ट १८९८ रोजी, होड्या वल्हवण्याचा क्लब काढला आणि त्याला हे नाव दिले. वसाहतवाद्याच्या नावाच्या क्लबकडून पुढे जे घडले त्याची अपेक्षा कोणी केली नसती. पण इतिहास आपल्या सोयीने चालत नाही, त्याला कोण काय करणार!

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. निरक्षरांना मतदानाचा हक्क मात्र तेथे १९८५ पर्यंत मिळाला नव्हता. म्हणजे बेड्या तोडल्या, पण शाळेचे दार उघडले नाही आणि शाळेत न गेलेल्याला नागरिकही मानले नाही. त्या काळी रिओतील फुटबॉल हा धनिकांच्या मुलांचा खेळ होता. फ्लुमिनेन्स, बोताफोगो, फ्लामेंगो ही त्यांच्या क्लबांची नावे. वास्कोने १९१५ साली फुटबॉल सुरू केला, १९२२ साली खालचा गट जिंकला आणि १९२३ साली वरच्या गटात पहिल्याच वर्षी रिओचे अजिंक्यपद पटकावले. साऱ्या स्पर्धेत हा संघ एकच सामना हरला, फ्लामेंगोकडून ३-२ असा. प्रशिक्षक होते उरुग्वेचे रामोन प्लातेरो. संघात कृष्णवर्णीय होते, मिश्रवर्णीय होते, गरीब गोरेही होते. गोलरक्षक नेल्सन दा कॉन्सेसाँव हे कृष्णवर्णीय आणि व्यवसायाने मोटारचालक. पत्रकार मारिओ फिल्यू यांनी १९४७ साली ब्राझीलच्या फुटबॉलमधील कृष्णवर्णीयांवर पुस्तक लिहिले, त्यात या संघातील रंगारी, हमाल, गाडीवान असे सारे भेटतात. (रिओचे प्रसिद्ध माराकाना स्टेडियम अधिकृतपणे याच मारिओ फिल्यूंच्या नावाचे आहे.)

हे धनिकांच्या क्लबांना कसे रुचावे? १९२४ साली मोठे क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडले आणि ‘आमेआ’ नावाची नवी संघटना त्यांनी स्थापन केली. वास्कोला प्रवेश हवा असेल तर आपले १२ खेळाडू काढून टाकावेत अशी अट घातली. या खेळाडूंच्या ‘सामाजिक स्थाना’ची चौकशी करण्यात आली होती. खेळाडू पोटासाठी काय करतो, त्याला लिहिता-वाचता येते काय, असे सगळे तपासण्याचा तो काळ. क्लबचे अध्यक्ष जोझे आगुश्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी उत्तर पाठवले. आमच्या मैदानातील उणिवा, आमच्या कार्यालयाचा साधेपणा किंवा आमच्या सभासदांची बेताची परिस्थिती यांवरून आम्हाला खालच्या पायरीवर बसवणे समर्थनीय नाही. ज्या चौकशीत या खेळाडूंना बाजू मांडता आली नाही तिचा निकाल आम्हाला मान्य नाही. हे खेळाडू तरुण आहेत, त्यांची कारकीर्द नुकती सुरू झाली आहे, तिला डाग लावण्याचे काम आम्ही करणार नाही. सबब आम्ही तुमच्या संघटनेत येत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. ब्राझीलमध्ये ते ‘ऐतिहासिक उत्तर’ म्हणून ओळखले जाते. २०२४ साली त्याला शंभर वर्षे झाली.

आता ज्ञानकोशात लिहिणाऱ्या स्वयंसेवकाची कसोटी येथे सुरू होते. त्या पत्रात ‘कृष्णवर्णीय’ हा शब्दच नाही! वंशाचा, रंगाचा उल्लेख नाही. आहे ते ‘सामाजिक स्थान’. मग ‘वास्कोने वंशभेदाविरुद्ध पत्र लिहिले’ असे सरळ लिहायचे की नाही? चाहता म्हणेल, लिहायचे. शंका घेणारा म्हणेल, पत्रात नाही ते कसे लिहिता? आमच्या वाचकांना ही अडचण कोणी समजावून सांगायला नको. जातीचा उच्चार न करता जात कशी विचारतात हे आम्ही पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. भाड्याची खोली देताना आडनाव विचारतात, मुलाखतीत गाव विचारतात, वडील काय करतात ते विचारतात. कागदावर ‘जात’ हा शब्द कोठेच येत नाही आणि काम मात्र होऊन जाते. म्हणून ‘पत्रात वंशाचा शब्द नाही, सबब वंशभेद नव्हता’ हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. पण पत्रात जो शब्द नाही तो त्याच्या तोंडी घालणेही आम्हाला मान्य नाही. पत्र काय म्हणते ते जसेच्या तसे द्यावे, काढायला सांगितलेले खेळाडू कोण होते ते पुराव्यानिशी द्यावे आणि अभ्यासकांनी त्याचा काय अर्थ लावला ते त्यांच्या नावानिशी द्यावे. वाचक आंधळा नसतो.

चाहत्यांचा दुसरा मोह ‘पहिला’ या शब्दाचा. कृष्णवर्णीयांना घेणारा वास्को हा ब्राझीलमधील पहिला क्लब, असे अनेक ठिकाणी ठोकून दिलेले असते. ते खरे नाही. रिओच्या कापडगिरणीच्या वस्तीतील बांगू क्लबकडून फ्रान्सिस्को कारेगाल हा मिश्रवर्णीय गिरणी कामगार १९०५ सालीच खेळला होता. १९०७ साली लीगने कृष्णवर्णीय खेळाडूंची नोंदणी नाकारली, तेव्हा बांगू लीगमधून बाहेर पडला. कांपिनास शहरातील पोंते प्रेता क्लबचे लोक हा मान आपल्याकडे घेतात. वास्कोचे मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. अशा संघाने अजिंक्यपद जिंकले, आणि खेळाडू काढा म्हटल्यावर क्लबने लेखी नकार दिला. एवढे लिहिले तरी त्या क्लबची उंची तसूभरही कमी होत नाही. ‘पहिला’ लिहिले, की कोणीतरी बांगूचा दाखला घेऊन येतो, ते एक वाक्य खोटे पाडतो आणि त्याच्या आडून सगळी हकीकतच खोटी असल्याचा गवगवा करतो.

तसे झालेही आहे. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील काही अभ्यासकांनी, विशेषतः आंतोनियो जॉर्ज सोआरेस यांनी, मारिओ फिल्यूंच्या हकिकतीवर गंभीर आक्षेप घेतले. भांडण मुख्यतः हौशी आणि पगारी खेळाडूंचे होते, वंशाचे नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. यात तथ्यांश जरूर आहे. वास्कोचे पोर्तुगीज व्यापारी आपल्या खेळाडूंना दुकानात नावापुरती नोकरी देत आणि दिवसभर सराव करवून घेत. नियमानुसार ते बसत नव्हते. पण आमचा प्रश्न असा, की ‘हौस’ कोणाला परवडते? ज्याचे पोट गोदीत ओझी उचलून भरते त्याने संध्याकाळी फुकट खेळावे, आणि जमीनदाराच्या मुलाबरोबर धावताना त्याच्याइतकाच ताजातवाना राहावे, अशी ही अट. हौशीपणाचा नियम दिसायला सर्वांना सारखा होता, बाहेर मात्र तो ठरावीक लोकांनाच ठेवत होता. हे आमचे मत झाले. ज्ञानकोशाच्या लेखात ते असे लिहिता येणार नाही, कारण तेथे लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत आणि स्वतःचे संशोधन चालत नाही. छापून आलेले, तपासता येईल असेच तेथे टिकते. नियम कडक आहे. आम्हाला तो गैरसोयीचाही वाटतो, त्याविषयी पुढे बोलू.

ब्राझीलच्या स्वयंसेवकांना मात्र या नियमाने फारसे अडवले नाही, कारण त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१२ साली जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. १९२३ सालचा ‘कोहेयो दा मान्यां’ किंवा ‘जोर्नाल दो ब्राझील’ काढावा, सामन्याचा वृत्तांत वाचावा, आणि पुस्तकात काय म्हटले आहे ते पडताळावे. त्यासाठी रिओला जावे लागत नाही, ग्रंथपालाची मनधरणी करावी लागत नाही. शिवाय ज्ञानकोशात प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी कधी काय खोडले, कोणी परत घातले, हे कोणालाही पाहता येते. दोघांचे पटले नाही तर चर्चेच्या पानावर वाद होतो, तोही टिकून राहतो. आज प्रश्नांची उत्तरे देणारी जी यंत्रे घरोघर आली आहेत, त्यांचे शिक्षणही काही प्रमाणात याच लेखांवर झाले आहे. आज लेखातून जो गळला तो उद्या त्या यंत्राच्या उत्तरातूनही गळेल.

आता आमच्याकडे वळू. वास्को जिंकला त्याच १९२३ साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकर यांच्याकडे आले. चर्मकार समाजातील या खेळाडूचे थोरले बंधू पी. बाळू हे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारे गोलंदाज. पुण्याच्या क्लबात त्यांना चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली या प्रश्नावरून विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्यामागची कारणे जाहीरपणे मांडली. आमच्याकडेही ‘ऐतिहासिक उत्तर’ होते! फरक असा, की तेथे क्लब खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला, येथे खेळाडूंना स्वतःच उभे राहावे लागले. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आमच्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? या भावांची कहाणी बहुतेकांना कळली ती रामचंद्र गुहा यांच्या २००२ च्या इंग्रजी पुस्तकातून. गुहांचे काम मोलाचे आहे, पण मराठीत पडून असलेले मराठीतल्यांनी उचलले नाही ही चूक गुहांची नव्हे.

आणि बाळूंविषयी लिहायचे तर १९३७ ची निवडणूकही लिहावी लागेल. काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले आणि बाळू पडले. आपल्यातले काही जण हे सांगताना अडखळतात, काही जण तेवढेच सांगून बाळूंना निकालात काढतात. दोन्ही चूक आहे. बाबासाहेब तरुणपणी बाळूंच्या खेळाचे चाहते होते आणि पुढे त्यांच्याविरुद्ध लढले, हे दोन्ही एकाच पानावर आले पाहिजे. आमच्या या पानानेही पूर्वी तारखेशिवाय, संदर्भाशिवाय गौरवाचे लेख छापले आहेत, हे येथे कबूल करतो.

२०१५ पासून एप्रिलमध्ये ‘दलित हिस्ट्री मंथ’ पाळला जाऊ लागला आणि त्यात विकिपीडियावर सामूहिक लिखाणाचे कार्यक्रमही झाले. मराठी विकिपीडिया तर २००३ पासून आहे. आमच्या महाविद्यालयीन मुलामुलींना हे अवघड नाही. अडचण पुराव्याची आहे. आमचा इतिहास जलशात, शाहिरांच्या तोंडी, म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, आणि ज्ञानकोश आठवण पुरावा म्हणून घेत नाही. छापखाना ज्यांच्या हाती होता त्यांचे सारे संदर्भ तयार आहेत, आमचे नाहीत. म्हणजे नियम सर्वांना सारखा आणि ओझे एकावरच. त्यावर रडून उपयोग नाही. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी कोणाच्या पगारावर न राहता कागद अन् कागद गोळा केला, तेव्हा १९५२ साली बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड निघाला. तेही स्वयंसेवकच होते. आठवण आधी छापावी लागेल, मग तिचा संदर्भ देता येईल.

नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉल शिकवला, त्यावर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ साली आला. सिनेमाने त्या कामाला नाव दिले. पण वस्त्यावस्त्यांत जे संघ १४ एप्रिलच्या निमित्ताने सामने भरवतात, त्यांच्या चषकावर कोणाची नावे आहेत, पहिला सामना कोणत्या साली झाला, मैदान कोणी नाकारले आणि कोणी दिले, हे कोठे लिहिले आहे? वास्कोलाही मैदान चांगले नाही म्हणून हिणवले होते. त्यांच्या लोकांनी वर्गणी काढून सांव जानुआरियो हे स्टेडियम बांधले आणि २१ एप्रिल १९२७ रोजी ते उघडले. वर्गणीची हकीकत आजही सांगता येते, कारण तिचे कागद राहिले.

ज्यांच्या घरी जुन्या क्रीडा मंडळांच्या स्मरणिका, वर्गणीची पावतीपुस्तके, सामन्यांची हस्तपत्रके असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. तारीख, साल आणि छापखान्याचे नाव आधी वेगळे टिपून ठेवावे. ते बहुधा पहिल्या पानावर असते आणि पहिले पानच आधी फाटते.