शब्दावर प्रवेश, कागदावर गदा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नऊ संकुलांत पदवी प्रवेशासाठी दरवर्षी दोन लाखांहून अधिक अर्ज येतात. अर्जासोबत गुणपत्रक मागितले जात नाही. शाळेतील विषय व श्रेणी विद्यार्थ्यानेच भरायच्या. साक्षांकित प्रतींचे गठ्ठे सांभाळलेल्या आपल्याकडील पालकांना हा भाबडेपणा वाटेल. तसा तो नाही. प्रवेश स्वीकारणाऱ्याचे अधिकृत गुणपत्रक १ जुलैपर्यंत शाळेकडून यावे लागते आणि तफावत आढळल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो.

खोटेपणाला त्यामुळे फारसा वाव उरत नाही. फटका मात्र भलत्यालाच बसू शकतो. २०१७ मध्ये अर्व्हाइन संकुलात अपेक्षेपेक्षा सुमारे ८०० अधिक विद्यार्थ्यांनी प्रवेश स्वीकारला. त्याच उन्हाळ्यात, वर्ग सुरू होण्यास जेमतेम दोन महिने उरले असताना, सुमारे ५०० प्रवेश रद्द झाले. त्यांपैकी अनेकांचा दोष एवढाच, की गुणपत्रक मुदतीत पोहोचल्याची नोंद नव्हती. ते पाठविणे शाळेच्या हाती, शिक्षा विद्यार्थ्याला! ओरड झाल्यावर संकुलाचे चॅन्सलर हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागितली आणि श्रेणी समाधानकारक असलेल्यांचे प्रवेश बहाल केले.

२०२१ पासून हे विद्यापीठ प्रवेशासाठी ‘सॅट’ परीक्षेचे गुणही पाहत नाही. साहजिकच विद्यार्थ्याने स्वतः भरलेल्या श्रेणींवरील भार वाढला आहे.